थाळीतली क्लिप

हे मी घरात कधी बोललो नाही. गॅरेजवर तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

आर्णीत माझं गॅरेज आहे. माझं म्हणतो, पण हातातली कला नामदेवकाकांची. पान्हा धरायला त्यांनी शिकवलं. उतारवयात तेच माझ्याकडे कामाला यायचे. त्यांची एक जर्मनची थाळी होती. गाडीचं काही उघडलं की प्रत्येक नट, प्रत्येक स्क्रू त्या थाळीत. आणि गाडी बाहेर निघण्याआधी त्यांचा एकच प्रश्न — "थाळी रिकामी हाये का?" नसेल तर गाडी पुन्हा वर उचलायची, शोधायचं, बसवायचं. मग कोणाचीही गाडी असो.

एकदा एका वकीलसाहेबांच्या गाडीचं क्लच प्लेटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. गाडी खाली उतरवली, आणि थाळीत एक क्लिप दिसली. प्लास्टिकची, बोटाच्या पेराएवढी. सायलेन्सरच्या पाइपाजवळून एक वायर जाते, ती पाइपाला टेकू नये म्हणून धरून ठेवणारी. ती वायर मीच सोडवली होती, मीच परत जोडली होती. आता एवढ्याशासाठी गाडी पुन्हा जॅकवर? साहेब घड्याळ पाहत होते. जेवायचं राहिलं होतं. मी ती खिशात टाकली. काकांनी विचारलं. मी म्हटलं, "रिकामी."

एवढंच असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

महिन्याभरात साहेब परत आले. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला — ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमध्ये बिघाड. हा सेन्सर पाइपात बसून धूर तपासतो. तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात छोटासा हीटर असतो. मल्टीमीटरने हीटर मोजला, ठीक होता. फ्यूज पाहिला, उडालेला. नवा टाकला, तोही उडाला. तेव्हाच मला कळलं. गाडी उचलायच्या आधीच. याच सेन्सरची वायर पाइपावर लोंबून वितळली होती, आतलं तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलं होतं.

गाडी वर घेतली. साहेब वाकून बघत होते. काका शेजारी उभे. साहेब म्हणाले, "अरे, हे बांधायचं कोणाकडून राहिलं?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेब हसले असते, काकांनी दोन शिव्या घातल्या असत्या. बस. पण माझं तोंड आधीच उघडलं होतं — "खालची बांधाबांध काकांनी केलती, साहेब. वय झालं आता, दिसत नाही त्यांना."

आता काका म्हणतील, कायले खोटं बोलतं रे लेका? मी वाट पाहिली. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता त्यांच्या.

"माह्याच हातून राह्यली असन बाप्पा," ते म्हणाले.

त्यांना पटलं होतं. रागावले असते तर — पण त्यांना पटलं होतं.

जळका तुकडा कापला, नवी वायर जोडली, डाख दिला, वर उष्णता सोसणारी नळी चढवली. क्लिप त्या दिवशी खिशातून काढून टाकलेली, माझ्याच टूलबॉक्समध्ये पडली होती. पण काढली तर काका विचारणार, कुठून आली? मी तारेनं बांधून टाकलं. दिवा विझला.

काका आठ दिवस आले. स्टुलावर बसून राहिले, पान्ह्याला हात लावला नाही. मग यायचे बंद झाले.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, म्हटलं, चला आता कामावर. चांगलं दिसू लागलं होतं. माझ्या शर्टाचं तुटकं बटण त्यांनीच मला दाखवलं. पण म्हणाले, "डोळे झाले रे सुधाकर. हाताचा भरोसा नाही राह्यला."

तेव्हा सांगता आलं असतं. काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो आणि निघून आलो.

आता एकटाच काम करतो. थाळी तीच आहे. गाडी काढायच्या आधी मी मोठ्यानं विचारतो, रिकामी आहे का — आणि उत्तर देणाराही मीच. काका घराच्या ओट्यावर बसलेले असतात. काम काहून सोडलं असं कोणी विचारलं, की सांगतात, त्यांच्या हातून एक क्लिप राहिली होती.

राहिली नव्हती. माझ्या खिशात होती.