वजिरावरची टिचकी

ही हकीकत सांगायची मी चाळीसेक वर्षं टाळली. विषय निघाला की हिच्या जागी मी दुसरीच सांगायचो, आणि ती लोकांना इतकी आवडायची की खरी काय होती हे कोणी विचारलंच नाही. आता ऐकणारे थोडे उरलेत आणि माझ्याकडेही फार वेळ नाही, म्हणून लिहायला बसलो. सुरुवात मात्र त्या माणसापासून करायला हवी, कारण तसा माणूस मला पुन्हा भेटला नाही. जगातली प्रत्येक वस्तू टिचकी मारली की खरं बोलते, असं त्यांचं ठाम मत होतं. वस्तूंच्या बाबतीत ते शेवटपर्यंत बरोबर निघालं. माणसांना टिचकी मारून बघायची त्यांना सवय नव्हती, एवढंच.

आम्ही त्यांना मापारीभाऊ म्हणायचो. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी वनखात्याच्या एका लाकूड डेपोत कारकून होतो आणि भाऊ तिथे सागाच्या ओंडक्यांची मापं घ्यायचे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, शिक्षण तिसरीपर्यंत, गाव ब्रह्मपुरीकडचं. जंगलातून ट्रक आला की ओंडके उतरायचे, भाऊ प्रत्येकाभोवती फीत फिरवून घेर सांगायचे, मी तक्त्यात बघून घनमाप काढायचो आणि मग ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने नंबर पडायचा. कामाची रीत एवढीच. पण भाऊ फीत लावण्याआधी ओंडक्याशी उकिडवे बसायचे, कान जवळ न्यायचे आणि मधल्या बोटाच्या नखाने टिचकी मारायचे. आवाज ठणठणीत आला तर मान हलवायचे. बसका आला तर म्हणायचे, "पोटात पोकळ हाये, बाजूले ठेवा." कापून बघितलं की आत वाळवीचं राज्य असायचं. लिलावाच्या दिवशी ठेकेदार मालाकडे कमी आणि भाऊंच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचे. म्हणून भाऊ त्या दिवशी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने दोन्ही गाल भरून बसायचे, म्हणजे चेहऱ्यावरून कोणाला काही कळू नये.

ही टिचकी डेपोत थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण भाऊ चहाचा ग्लास वाजवून चहात पाणी किती ते सांगायचे. मोठ्या साहेबांची जीप एकदा डेपोत आली तेव्हा साहेब आत गेल्यावर यांनी पेट्रोलच्या टाकीला टिचकी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी चामोर्शीपावतर जाईन, वापस येनार नाई." ड्रायव्हर हसला. संध्याकाळी साहेब स्वतः जीप ढकलत असल्याची बातमी आली. त्यांच्या थोरल्या मुलीला पाहायला स्थळ आलं तेव्हा पाहुणा ज्या खाटेवर बसला होता तिचा पाय यांनी वाजवून पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "जावईबापू, जरा इकडे सरका. खाट पोकळ हाये." तो सरकला आणि त्याच्या शेजारी बसलेले त्याचे मामा खाटेसकट खाली गेले. लग्न जमलं, कारण मुलाचं म्हणणं पडलं की या घरात निदान खरं तरी सांगतात. एकदा छातीत कफ झाला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठेवून ठोकून बघितलं तसा भाऊंचा चेहरा उजळला. आपल्या धंद्याचा माणूस भेटल्यासारखे ते म्हणाले, "डाक्टरसाहेब, डावीकडं दोन बोटं खाली वाजवा. तिथी बसका आवाज येते." डॉक्टरांनी वाजवलं, नंतर माझ्याकडे बघितलं आणि चूपचाप तसं लिहिलं.

आणि ते बुद्धिबळ खेळायचे. सागाच्या फळीवर डांबराने चौकटी रंगवलेल्या, सोंगट्या त्यांनीच छाटून टाकलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून कोरलेल्या. खेळ त्यांना विश्रामगृहाच्या एका म्हाताऱ्या खानसाम्याने शिकवला होता. मी शिकलो पुस्तकातून. जेवणाच्या सुट्टीत ओंडक्यावर पट मांडून आम्ही सहा वर्षं खेळलो. मी जुन्या फायलींच्या पाठीवर लिहून विचार करायचो: मी हे केलं तर ते हे करणार, मग मी ते. भाऊ मात्र आपल्या तीन-चार सोंगट्यांच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारायचे, ऐकायचे, आणि भलतीच पाचवी सोंगटी उचलून ठेवायचे. "घोडा आज बोलून नाई राह्यला, बाबू," म्हणायचे. मी वैतागायचो. "भाऊ, हे लाकूड आहे." त्यावर उत्तर ठरलेलं: "मंग? मी लाकडाचंच काम करतो ना."

हरायचो मीच जास्त. पण भाऊ नुसते कानाने खेळायचे असं समजू नका. मी बरीच वर्षं तसं समजलो, हीही माझी एक चूक. दहातल्या आठ ओंडक्यांना ते टिचकी मारून सरळ मोकळे व्हायचे, पण आवाजाबद्दल जरा जरी शंका आली तर फीत तीनदा लावायचे, दोन्ही तोंडं बघायचे, घाई करणाऱ्या ठेकेदाराला तासभर ताटकळत ठेवायचे. पटावरही तसंच. एरवी झटपट खेळणारा हा माणूस एखाद्या जागी येऊन थांबायचा, हात मांडीखाली घालायचा आणि अर्धा तास बोलायचा नाही. मी एकदा विचारलं की कुठे थांबायचं हे कसं कळतं. म्हणाले, "आंधी ऐका, मंग मोजा. तुमी पयले मोजता, बाबू. मोजून झाल्यावर ऐकाले गेलं त कानाले आपलाच हिशेब ऐकू येते." हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे मी पुष्कळ मोजलं, पण याहून शहाणं काही हाती लागलं नाही.

सहाव्या वर्षीच्या हिवाळ्यात चंद्रपूरला खात्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या आणि पहिल्यांदाच बुद्धिबळ ठेवलं. जिंकेल तो नागपूरला पुढच्या सामन्यांना जाणार होता. भाऊंना कपाची हौस नव्हती. त्यांची धाकटी मुलगी नागपूरला नर्सिंगच्या वसतिगृहात होती, आणि तिने पत्रात लिहिलं होतं की बाबा, तुम्ही खेळायला आलात तर आम्ही मैत्रिणी सगळ्या बघायला येऊ. तिसरी शिकलेल्या बापाला पोरीच्या कॉलेजच्या फाटकाशी जायला लाज वाटायची. दोन वर्षांत ते एकदाही गेले नव्हते. खेळाडू म्हणून जायची गोष्ट वेगळी होती. ते पत्र त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं आणि पाचव्यांदा स्वतः वाचायला बसले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तिथी टिचकी चालते का, बाबू? तुमी पुस्तक वाचलं हाये." सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते, हा नियम मला पाठ होता. पण मी म्हणालो, "आपल्या लोकांत कोण धरतंय, भाऊ. तुम्ही खेळा." हे मी त्या क्षणी मनापासून म्हणालो होतो. एवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

सुरुवातीच्या फेऱ्या गमतीत गेल्या. समोरचे हसायचे, भाऊ वाजवायचे आणि जिंकायचे. शेवटचा डाव आम्हा दोघांवर आला. त्या डावाला पहिल्यांदाच घड्याळ लावलं, दोन तबकड्यांचं. भाऊंनी आधी घड्याळालाच टिचकी मारली आणि म्हणाले, "एका पोटात दोन जीव हायेत." मोठे साहेब बसले होते, ते हसले. मग साहेब मला म्हणाले, "बाबू, मापाऱ्याकडून हरू नका हं. ऑफिसची अब्रू आहे." गंमतच होती ती, पण माझ्या कानात जाऊन बसली.

तासाभरात मी माझा जवळजवळ सगळा वेळ मोजण्यात घालवला. एकेका खेळीच्या मागे दहा खेळ्या, त्यांच्या मागे आणखी दहा. तबकडीचा काटा वर सरकत चालला तसतसं मला पट कमी आणि काटा जास्त दिसू लागला. भाऊ भरभर खेळत होते. मग ते थांबले. हात मांडीखाली गेले. दहा मिनिटं ते हलले नाहीत, आणि तेवढ्यात मीही त्यांच्या बाजूने मोजून बघितलं. त्या दिवशी माझी एकच आकडेमोड शेवटपर्यंत बरोबर आली: घोड्याने शह, आणि तिसऱ्या खेळीला मला मात. त्यांनाही ते दिसलं असावं. कारण त्यांनी हात बाहेर काढला आणि खात्री करून घ्यावी तशी वजिराच्या डोक्यावर टिचकी मारली. वजीर मागची ओळ राखत होता. तो जागीच राहायचा होता. तो ठीक आहे ना, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "हात लावला."

भाऊंना वाटलं मी थट्टा करतोय. ते हसले आणि घोड्याकडे हात नेला. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. पंच म्हणून एका शाळेचे क्रीडाशिक्षक होते. ते साहेबांशी बोलत बसले होते, ते उठून आले. सज्जन माणूस. त्यांनी नियम सांगितला, आणि मग मला विचारलं, "तुम्ही दोघं एकाच डेपोतले. यांची ही नुसती सवय आहे का? तसं असेल तर मी धरणार नाही."

खोलीत आमच्या डेपोतलं तिसरं कोणी नव्हतं, आधीच्या फेऱ्यांत हरलेले केव्हाच गावी परतले होते, आणि पंच याच डावापुरते आले होते. मी पटाकडे बघत म्हणालो, "नाही साहेब. मी तरी कधी पाहिली नाही."

पंचांनी भाऊंना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. तुम्हीच तर खेळा म्हणालात, असं ते मला सांगू शकत होते. सहा वर्षांचे साक्षीदार ते डेपोतून बोलावू शकत होते. ते म्हणाले, "बाबू म्हनते त तसंच असन."

वजीर हलवावा लागला. तो कुठेही गेला तरी मागची ओळ उघडी पडत होती. माझा हत्ती तिथे शिरला आणि डाव संपला. टाळ्या वाजल्या. पुढे वर्षानुवर्षं मी खात्यात सांगत आलो की मी वेळेच्या दडपणाखाली चौदा खेळ्या पुढचं मोजून मापाऱ्याचा वजीर हलवायला लावला. यातलं वजीर हलवायला लावला एवढंच खरं आहे.

नागपूरला मी पहिल्याच फेरीत हरलो. हॉलच्या दाराशी पांढऱ्या साडीतली एक मुलगी उभी होती, मागे तीन-चार मैत्रिणी. तिने विचारलं, "माह्ये बाबा, गडचिरोलीचे मापारी, कोन्या टेबलावर हायेत?" मी म्हणालो की त्यांना रजा मिळाली नाही. तिने हातातला स्टीलचा डबा माझ्याकडे दिला. "मंग हे त्याईले द्याल, काकाजी. सांगजा, मी आली होती."

डबा मी भाऊंना डेपोत नेऊन दिला. मला अजून आठवतं, मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बंद डबा हातात आला की आत काय आहे ते वाजवून सांगितल्याशिवाय त्यांनी तो कधी उघडला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, "आली होती म्हनता?" एवढं विचारलं आणि तसाच पिशवीत ठेवला.

त्या दिवसानंतर मी त्यांची टिचकी ऐकली नाही. ओंडका आला की ते फीत लावायचे, घेर सांगायचे आणि पुढच्याकडे जायचे. पोकळ माल लिलावात जाऊ लागला, तक्रारी आल्या, रेंजरसाहेब म्हणाले मापारी म्हातारा झाला. मी टेबलावर बसून आकडे लिहीत होतो. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, भाजी पुढे करायचे. फक्त पट निघाला नाही. बदली होऊन मी राजुऱ्याला जायला निघालो तेव्हा त्यांनी सोंगट्यांची पिशवी माझ्या ट्रंकेत ठेवली. "तुमी खेळता. माह्याजवळ राहून काय करन."

माझ्या निवृत्तीनंतर एकदा मी त्यांच्या गावी गेलो. ब्रह्मपुरीला एसटीतून उतरून जीप धरली. सबंध रस्ताभर खिशातला वजीर मुठीत धरून एकच वाक्य घोकत होतो. भाऊ धानाच्या शेतातल्या बांधीकडून येत होते, काठी टेकत. मला बघून त्यांनी काठी टाकली. घरी नातवंडं गोळा केली, सुनेला चहा ठेवायला लावला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "हे बाबू. मले हरवनारा एकच मानूस. चौदा खेळ्या पुढचं मोजलं होतं यायनं." माझी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, आणि त्यांनी ती ठेवून घेतली होती. नातू माझ्याकडे आदराने बघत होता. सून चहा घेऊन आली. भाऊंनी ग्लास उचलला, न वाजवता तोंडाला लावला. मी पिकापाण्याचं विचारलं, मुलीचं विचारलं. ती तेव्हा एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. शेवटची जीप पाचला होती. वजीर खिशातून निघाला नाही.

पुढच्या वर्षी भाऊ गेल्याचं कळलं. वजीर माझ्या टेबलावर आहे. टिचकी मारली तर आवाज अजून ठणठणीत येतो. वाक्य फार मोठं नव्हतं. पंच समोर उभे असताना म्हणायला हवं होतं, निदान त्या दिवशी चहाचा ग्लास हातात असताना तरी: होय, ही त्यांची सवय आहे, आणि मला माहीत होतं. भाऊ, मला माहीत होतं.