तापलेलं मशीन आणि सोनाली वानखेडे

दार उघडल्यावर रावसाहेबांनी सोनालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

"कंपनीत पुरुष संपले वाटतं?"

"मशीन कुठंय?"

"आडनाव काय आपलं?"

"पावतीवर लिहिलंय."

२००८ सालचा ऑगस्ट होता. सोनालीचे वडील अकोल्याहून पुण्याच्या कारखान्यात कामाला आले, ती येरवड्यात वाढली. आयटीआयला फ्रिज-एसीच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. असले प्रश्न तिने इतक्यांदा ऐकले होते, की आता ती दुसऱ्या वाक्यालाच तोडून टाकायची.

कर्वेनगरच्या त्या तळमजल्यावरच्या भिंतींना ओल होती. रावसाहेबांच्या पत्नीला, दुर्गाबाईंना, दमा. म्हणून आयटीतल्या मुलाने, अभिनवने, हवेतला दमटपणा ओढून घेणारं मशीन आणून त्यांच्या पलंगाशेजारी ठेवलं होतं. ते आता इतकं तापायचं की हात लावला तर चटका बसायचा.

सोनालीने आधी ते भिंतीपासून पुढे ओढलं. जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता, तो धुऊन काढला.

"बाथरूममध्ये डाग पाडू नका," रावसाहेब दारातून म्हणाले. "फरशी नवीन आहे. तुम्हाला काय त्याचं."

तिने मशीन पुन्हा लावून पाहिलं, पण पंधरा मिनिटांत ते तसंच तापलं. मग तिने प्लग काढून मागचं झाकण उघडलं. आतला पंखा बोटाने फिरवला तर जाम झाल्यासारखा अडकत होता. पण खरी गोष्ट वेगळीच होती. मशीन फार तापलं की आपोआप बंद करणारा एक छोटा स्विच असतो. कोणीतरी त्याच्या दोन्ही वायरी सरळ एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळली होती.

"हे कोणी केलं?"

"तुमच्याच मालकांनी. सारखं बंद पडत होतं, सीतारामांनी दहा मिनिटांत चालू करून दिलं. आपण मात्र तासभर घर घाण करताय."

"पंख्याची मोटर बदलेपर्यंत हे लावू नका. आग लागेल."

"सल्ला मागितला नव्हता. आज चालू करून जायचं."

त्यांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. सीताराम पलीकडून खेकसला, "होतं तसं जोड अन् नीघ. डोकं चालवायला पाठवलं नाही तुला."

सोनालीने फोन परत दिला. पलंगाची चादर मशीनला टेकली होती. दुर्गाबाई उशीला टेकून तिच्याकडे बघत होत्या.

"जळका वास रोज येतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी सांगते यांना."

"तू गप्प बस."

सोनालीने पिशवीतून पक्कड काढली, प्लगची वायर मशीनच्या मुळाशीच कापली आणि तशीच खिशात घातली.

"पोलिसात देईन!" रावसाहेब ओरडले. "ही कुठली पद्धत? बाहेर व्हा!"

"द्या. झाकण उघडंच ठेवलंय, त्यांनाही दाखवा."

त्याच संध्याकाळी सीतारामने तिला काढून टाकलं. ओळखीच्या दुकानदारांनाही सांगितलं, की ही बाई गिऱ्हाईकाच्या वस्तू मोडते. रावसाहेबांनी सोसायटीच्या गेटवरच्या वहीत तिचं नाव लिहून ठेवलं, आत सोडू नये म्हणून. पुढचे चार महिने तिला कोणी काम दिलं नाही. या काळात घरी रोज भांडण व्हायचं; कापायचीच काय गरज होती, असं आई म्हणायची. सोनालीकडे एकच उत्तर होतं: ती बाई तिथं झोपते.

मध्येच एकदा अभिनवचा फोन आला. दुसऱ्या मेकॅनिकनेही मशीन उघडून तेच सांगितलं होतं. तरी आभार नाहीत.

"पण बाबांशी असं वागायची गरज नव्हती."

"होती," सोनाली म्हणाली आणि फोन ठेवला.

डिसेंबरात खराडीच्या एका आयटी कंपनीत एसी सांभाळायचं काम तिला मिळालं. पहिल्या दिवशी तिथल्या सुपरवायझरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती सरळ शिडीवर चढली.