स्टिकरवाले साडभाऊ

जगातलं कुठलंही औषध एकट्याने लागू पडत नाही, ते धरून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतंच, या एका सिद्धान्तावर सबंध आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. गोरेगाव तालुक्यात ते कृषी सहायक होते. धानाच्या पात्यावरून औषध घरंगळून जातं, म्हणून फवारणीच्या टाकीत एक चिकट द्रव मिसळतात. शेतकरी त्याला स्टिकर म्हणतात. या द्रवाखेरीज दुसऱ्या कशावर साडभाऊंचा पूर्ण विश्वास बसल्याचं मला आठवत नाही. एकदा कुण्या मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते फवारणीचं उद्घाटन होतं. पंपाला झेंडूचा हार, पाहुण्यांना फेटा. भाषण ऐन रंगात असताना बांधावरून साडभाऊंचा आवाज आला, "साहेब, टाकीत स्टिकर नाही टाकलं. धानाची नुसती आंघोळ होऊन राहिली." त्यांची बढती का रखडली, हे कुणी मला विचारू नये.

फुलचूरला त्यांच्या घरीही तेच. तापाची गोळी गुळाच्या खड्यासोबत घ्यायची, म्हणजे ती 'धरते'. लग्नाच्या पत्रिकेमागून फोन करायचाच, कारण नुसती पत्रिका पाहुण्याला चिकटत नाही.

मग ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, स्तनाचा कर्करोग निघाला. नागपूरला किमो सुरू झाली. तीन फेऱ्या झाल्या तरी गाठ होती तेवढीच. औषधाला म्हणावा तसा प्रतिसाद नाही, असं डॉक्टर म्हणाले. साडभाऊंनी त्यातून एवढंच ऐकलं, की टाकीत स्टिकर नाही.

त्यांनी मोबाइलवर संशोधन वाचायला घेतलं. हळदीतला, द्राक्षाच्या सालीतला अमुक घटक गाठीला किमोपुढे नरम करतो, असं कुठेकुठे लिहिलेलं होतं. त्यांनी सोनारी तोलकाटा आणला. हळद, मिरे, जवसाचं तेल, सगळं मोजून वाटीत. वाटी ताईंच्या हातात. वेळ, वजन, मात्रा वहीत.

"साडभाऊ, हे सगळं काचेच्या नळीत झालंय, नाहीतर उंदरांत," मी म्हणालो.

"काऊन? उंदराले जीव नाही का?"

ताई वाटी मुकाट्याने रिकामी करत.

पुढच्या खेपेला साडभाऊंनी वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी पानं शांतपणे उलटली, अक्षराचं कौतुक केलं आणि वही मिटली. "काका, भाजीतली हळद चालेल. ही वाटी आजपासून बंद. एवढ्या मात्रेत ती कधी कधी औषधाला अडवतेसुद्धा. काकूंच्या बाबतीत काय झालं, ते मला सांगता येणार नाही." सोमवारपासून औषध बदलायचं ठरलं.

परतीच्या गाडीत ताईंचा डोळा लागला, तेव्हा साडभाऊ मला हळूच म्हणाले, "साडभाऊ, मीच तं अडवलं नसन ना?"

 

रविवारी त्यांच्याकडे गेलो. ताईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे मागितले होते आणि साडभाऊ स्वतः तळत होते. एक वडा त्यांनी खाटेवर बसलेल्या ताईंना दिला, त्यांनी तो अर्धा खाल्ला.

"कसा झाला?"

"मले कुठं चव येऊन राहिली! दुसऱ्या किमोपासूनच गेली."

"सांगितलं काऊन नाही?"

"मी किती खाल्लं, ते तुम्ही पुसत होते. कसं लागते, ते आज पुसलं." आवाजात तक्रार नव्हती.

 साडभाऊ गॅस बंद करून ताईंजवळ येऊन बसले, एक वडा मोडला आणि डोळे मिटून चावू लागले. "मीठ कमी हाय," ते म्हणाले. "कड कुरकुरीत. मिरची मागून येते."

"अन् लसूण?" ताईंनी विचारलं.

"हाय. जरासा करपला."

ताई हसल्या, आणि हातातला उरलेला अर्धा वडा त्यांनी सावकाश तोंडात घातला.