दुसऱ्या कंपनीचं बोलावणं

माझी मुलगी विमान चालवते. हे वाक्य मी अजून कुणासमोर मोठ्याने म्हटलेलं नाही. डोणगावात ते म्हणायचं काम माझ्या मोठ्या जाऊबाई करतात. भाजी घेताना, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर त्या म्हणतात, "आमची पोरगी पायलट हाय," आणि मी शेजारी पिशवी धरून उभी असते. आमची म्हणे! त्यांना मूलबाळ नाही. मी चौथी शिकलेली आणि त्या बी.ए., म्हणून माझी मुलगी त्यांच्याच खोलीत अभ्यास करत मोठी झाली. तिचे फॉर्म त्यांनी भरले. विमानाच्या शाळेत सोडायला भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, आणि त्या गेल्या, मी डबा करून दिला. त्यांनी केलं ते सगळं खरं आहे, म्हणूनच मला जास्त टोचतं.

यंदा ती दिवाळी उलटून गेल्यावर सुट्टीवर आली. ज्या दिवसांत सगळे घरी जातात, त्याच दिवसांत तिला त्यांना घरी पोचवायचं असतं. आल्या आल्या ती झोपली. उठून जेवली आणि पुन्हा झोपली. तिची कंपनी स्वस्त तिकिटाची आहे. विमान उतरलं की माणसं उतरवायची, दुसरी चढवायची आणि लगेच उडायचं; विमान उभं राहिलं तर कंपनीचं नुकसान. एका दिवसात ती तीन-चार गावांना जाऊन येते आणि मधल्या वेळात तिथेच मांडीवर डबा ठेवून खाते. शेजारच्या कॅप्टनने जे खाल्लं ते तिने खायचं नाही. त्या जेवणाने दोघंही आजारी पडले तर विमान कोण चालवणार? ड्युटी मोबाईलवर येते आणि सकाळी आलेली संध्याकाळी बदलते. हे सगळं मला जाऊबाईंकडून कळलं. त्या सांगतात अशा, की जणू स्वतःच उडवून आल्या.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मुलगी आणि जाऊबाई बाजेवर बसल्या होत्या. दुसऱ्या एका स्वस्त कंपनीने नवी विमानं घेतलीत आणि तिला पायलट कमी पडतात, म्हणून ती हिच्या कंपनीचे पायलट ओढते आहे, असं मुलगी सांगत होती. तिलाही बोलावणं आलं होतं.

"मोठ्याई, दिल्लीले टेस्ट हाय. जाऊ का नको जाऊ?"

"जा नं व पोरी. कॅप्टन व्हाचं हाय का नाही तुले?"

"तिथं कॅप्टन लवकर करतात. अन् नागपूरहून उडाले भेटते. पण काम जास्त हाय म्हणतात."

"मंग इथं का आराम करून राह्यली तू? डोळे पाह्य आरशात."

दोघी हसल्या. मी शेंगा सोलत राहिले. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळेल आणि विचारेल. ती वळलीसुद्धा.

"आई, चहा मांडतं का व?"

मी चहा मांडला.

दुपारी जाऊबाईंनी मेहकरहून पेढे आणवले आणि गल्लीत घरोघरी दिले. आमच्याकडे पोलीस भरतीचं बोलावणं आलं तरी पेढे वाटतात. बोलावलं म्हणजे घेतलंच, असं सगळे धरून चालतात. वर त्यांनी मोबाईलच्या स्टेटसवर मुलीचा गणवेशातला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, नव्या कंपनीत निवड झाली. आमच्या नात्यातला एक मुलगा तिच्याच कंपनीच्या तिकीट काउंटरवर आहे. त्याने लगेच तिला विचारलं, ताई, कंपनी सोडली का?

तिचा चेहरा पांढरा पडला.

"मोठ्याई, काऊन टाकलं व हे? अजून टेस्ट व्हाची हाय. नापास झाली तं? सोडाच्या आधी कितीतरी महिने सांगा लागते. इथल्या सायबाले आतापासूनच समजलं तं तेवढे महिने मले निरा पहाटेची ड्युटी देतीन!"

"मले काय माईत माय? बोलावणं आलं तं आपल्याकडं पेढे वाटतातच नं."

"हे का पोलीस भरती हाय?"

जाऊबाईंना तो फोटो काही काढता येईना. शेवटी मुलीनेच मोबाईल ओढून घेतला आणि काढला. जाऊबाई आत गेल्या. माझ्या हातात त्यांनीच दिलेला पेढा होता. तो मी तिथेच उभी राहून खाल्ला. इतका गोड पेढा मी जन्मात खाल्ला नव्हता.

मला वाटलं, आता ही माझ्याजवळ येईल. कुणी न सांगता मी चहा केला आणि तिच्याशेजारी बसले. तिने चहा प्याला, कप खाली ठेवला आणि उठून जाऊबाईंच्या खोलीत गेली. आतून रडणं ऐकू आलं. "रडू नको नं मोठ्याई. त्या काउंटरवरच्या पोरानं कोनाले नाही सांगतलं. माही शपथ घेतली त्यानं." थोड्या वेळाने दोघींचं हसणं ऐकू आलं. मी कप विसळला.

संध्याकाळी मी भाकरी करत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकली.

"आई, तुले काय वाटते? जाऊ का दिल्लीले?"

किती वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली. तोंडाशी 'नको जाऊ' असं आलंच होतं. कारण एकच होतं, जाऊबाई 'जा' म्हणाल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. भिंतीला टेकून उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते. नागपूर मेहकरहून एका बसचं आहे. तिथून उडाली तर सुट्टीच्या दिवशी घरी येऊन झोपेल. काम तर दोन्हीकडे आहेच. मी कसाही विचार केला तरी तो जाऊबाईंच्याच बोलण्यापाशी जाऊन थांबत होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी ती उलटली.

"जा," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. दारातूनच ती ओरडली, "मोठ्याई, आई बी जा म्हणते!"

"मी सांगतलंच होतं तुले," अंगणातून जाऊबाईंचा आवाज आला.

मी पुढची भाकरी थापायला घेतली. जरा जोरातच थापली.