नानांचा पूर्ण कप

डायलिसिसवर असलेल्या माणसाला भेटायला शहाळी घेऊन जाणारा जावई मीच. नाना, म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या सेंटरमध्ये पहिल्यांदाच मशीनला जोडलेले आणि मी दोन हातांत दोन शहाळी घेऊन उभा. नर्सबाईंनी ती काढूनच घेतली. "काका, यात पोटॅशियम किती असतं? यांच्या हृदयाला झेपेल का?" नाना मात्र खूश. म्हणाले, "राहू द्या हो. जावईबापूंना माझी खोली हवीय."

मधुमेहाने किडन्या नेल्या तेव्हा नाना डोंबिवलीचं घर बंद करून कळव्याला आमच्याकडे आलेले. पाणी, चहा, आमटी सगळं मिळून दिवसाला एक लिटर, असा डॉक्टरांचा हुकूम. नाना सकाळी लिटरची बाटली भरायचे. चहा प्यायले की त्याच कपाने बाटलीतलं तेवढं पाणी मोजून गॅलरीतल्या तुळशीला घालायचे. बाटलीत उरलं ते आपलं. लोणचं-पापड बंद, भाज्या उकडून वरचं पाणी ओतून दिलेल्या. अंगात ताकद राहावी म्हणून, जन्मात अंड्याला न शिवलेले नाना त्यातलं पांढरं औषध म्हणून गिळायचे. पिवळं माझ्या ताटात. माझं कोलेस्टेरॉल ही सासरची देणगी...

त्यांना हवं होतं एकच. चार वाजता लेकीच्या हातचा बिनसाखरेचा चहा, पण पूर्ण कप. त्यासाठी सकाळपासून घोट राखायचे, बर्फाचा एक खडा जिभेवर घोळवत दुपार काढायचे. मे महिन्यात एकदा मलाच राहवेना. म्हटलं, "नाना, घ्या की अजून थोडं. कोण बघतंय?"

"काटा बघतो ना. शनिवारी सेंटरवर वजन केलं की सगळं सांगून टाकतो. आणि धाप मला लागते, तुम्ही आपले घोरत असता."

गेल्या महिन्यात असाच चहा झाला, तुळशीला पाणी घातलं आणि नाना खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. बाजूला कप... रिकामा, पूर्ण प्यायलेला.

परवा चारचा चहा झाल्यावर माझं मलाच कळलं नाही, मी नानांच्या कपात पाणी घेऊन गॅलरीत तुळशीला घालत होतो. भानावर आलो तर बायको दारात. आता ही रडणार, असं वाटून मी घाईने मागे फिरलो. तिने माझ्या हातातल्या कपात डोकावून पाहिलं.

"अहो, अर्धा तसाच राहिलाय," ती म्हणाली. "नाना पूर्ण घालायचे."