फट नसलेलं खोकं

आमच्या घरी कपाट नव्हतं, खोकी होती. आबा, म्हणजे माझे वडील, दिंडोरीकडे द्राक्षांची लाकडी खोकी ठोकायचे. त्यातली मोडकी घरी यायची. कपडे, भांडी, माझी पुस्तकं, सगळं त्यातच. मग पुठ्ठ्याची खोकी आली, प्लास्टिकचे क्रेट आले, आणि आबांचं काम बंद पडलं. आम्ही नाशिक रोडला आलो. आई लोकांच्या घरी पोळ्या करायला जाऊ लागली. आबा एका सोसायटीत वॉचमन झाले. खुर्चीवर बसून राहायचं काम त्यांना सोसत नव्हतं. "हात गंजले गं पोरी," म्हणायचे.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. नोकरी मिळाली ती गाड्यांना साउंड सिस्टीम बसवणाऱ्या दुकानात, काउंटरवर. तिथे मी बघून बघून वायरिंग शिकले. बॅटरीजवळ फ्यूज कुठे टाकायचा, गालिच्याखालून वायर कशी न्यायची, अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग किती खरवडायचा, सगळं. डिग्री घेऊन पाने-पक्कड हातात धरली, याचा कमीपणा मला कधी वाटला नाही.

एकदा पंचवटीचं गिऱ्हाईक आलं. डिकीत सीएनजीची टाकी, आणि उरलेल्या जागेत त्याला सबवूफर, म्हणजे गाण्याचा जाड ठोका वाजवणारा मोठा स्पीकर, हवा होता. तो ज्यात बसवतात तो तयार लाकडी बॉक्स काही तिथे मावेना. शेठ नाही म्हणणार, तेवढ्यात मी म्हटलं, "माझे वडील करून देतील."

"खोकीवाले?" शेठ हसले. "ताई, आपल्याला गाणी वाजवायचीत, द्राक्षं नाही पाठवायची!"

"एकदा बघा तरी."

"बघतो. जमलं तर इथून पुढचे सगळे बॉक्स काकांकडे. नाही जमलं तर परत विषय काढायचा नाही."

मी डिकीची मापं घेतली, आत जागा किती लिटर लागेल त्याचा हिशोब केला आणि कागद आबांना दिला. "लिटर?" आबा म्हणाले. "आत काय दूध भरायचंय का?" पण चार दिवसांत बॉक्स तयार. वरून काळं कार्पेट चिकटवलेलं, कोपरे असे की बघत राहावं. आबा स्वतः तो दुकानात घेऊन आले. डिकीत नेमका बसला.

वूफर लावला, गाणं सुरू केलं. ठोका येण्याऐवजी आतून फुसफुस आली. शेठ म्हणाले, "काका, पंक्चर आहे वाटतं!"

आबा डिकीशी वाकून कान लावून ऐकू लागले. मी बॉक्स काढून उलटा केला. तळाच्या कार्पेटला एक चीर होती आणि तिच्यामागे दोन फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट. सरळ, मापात ठेवलेली.

"आबा, ही काय?"

"हवा खेळायला नको? कोंदलं की माल सडतो. मी जन्मभर ठेवलीय फट."

चूक त्यांची नव्हती. फट नको हे मीच सांगितलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं की कागदावर लिहिलंच नाही.

"शनिवारपर्यंत थांबा," मी शेठना म्हटलं. ते मान हलवत आत गेले.

घरी मी सायकलचा पंप आणला, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि म्हटलं, "मारा." आबांनी दांडा खाली दाबला, तो उसळून वर आला. "असंच असतं आबा. वूफरचा पडदा मागे आला की आतली हवा दाबली जाते आणि तीच त्याला पुढे ढकलते. फट असली की ती पळून जाते."

आबांनी आणखी दोनदा दांडा मारून बघितला. "मग आधी नाय सांगायचं?" म्हणाले आणि उठले.

दुसरा बॉक्स त्यांनी नव्याने केला. प्रत्येक सांध्यात गोंद, खिळ्यांऐवजी स्क्रू. कार्पेट लावण्याआधी मी वूफर बसवून त्याचा पडदा हलकेच दाबत राहिले, आणि आबा पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवत राहिले. एका कोपऱ्याशी धूर हलला. तिथे पुन्हा गोंद भरला. मग धूर कुठेच हलला नाही.

शनिवारी डिकी बंद करून शेठनी स्वतः आवाज वाढवला. ठोका छातीत लागला. शेठनी एवढंच विचारलं, "काका, पुढचा कधी द्याल?"

त्याच महिन्यात आबांनी वॉचमनची काठी सोसायटीत परत केली. आता दुकानातले सगळे बॉक्स आबा करतात. मापं मी देते.