धरणातलं बेट

माणसाने आयुष्यात एकदा तरी मुख्य भूमीशी सगळे संबंध तोडून पाहावेत. हे विधान आमच्या मित्राने धरणाच्या पाण्यात, होडीच्या टोकावर उभं राहून केलं. होडी हलली तसा तो खाली बसला आणि संबंध तुटल्याचं कळवायला त्याने बायकोला फोन लावला.

आम्ही चौघे वर्गमित्र, श्रीरामपूरच्या आसपासचे. कोकणातल्या बेटावर जायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी नेमकी कुणाच्या तरी उसाला तोड येते. यंदा या मित्राने जवळच्या धरणातलंच बेट शोधलं. तो देवळाली प्रवऱ्याचा ऊसवाला, शिवाय पुढारी. कालव्याला पाणी सोडा म्हणून त्याने धरणं धरलं होतं. आठवड्यापूर्वी पाणी सुटलं आणि आम्हीच त्याला हार घातला. ते पाणी याच धरणातून जातंय, हा मुद्दा कुणाच्याही डोक्यात आला नाही.

बेटावर बाभळी होत्या आणि भाड्याचे दोन तंबू. पाण्याकडे तोंड करून चार खुर्च्या मांडल्या. बाभळींच्या मागे काय आहे ते पाहायला कुणी गेलं नाही. फोटो पुढच्या बाजूने चांगले येत होते. मित्राने दगडावर चढून बेट आपलं असल्याचं जाहीर केलं.

"सातबारा बघ आधी," आमच्यातला वकील म्हणाला.

रविवारी सकाळी होडीवाल्याचा फोन आला. "सायेब, पानी लई मागं गेलंय. होडी गाळात बसली. आज काय येत न्हाई."

मित्र ताडकन उठला. दुपारी त्याच्या मुलीला बघायला घोडेगावचे पाहुणे येणार होते. स्थळ मुलीच्या मनातलं होतं, आणि मुलाचे वडील बारीकसारीक गोष्टींवरून बिथरणारे. मुलीचा बापच गैरहजर, ही काही बारीक गोष्ट नव्हती.

"पाणी कुणी सोडायला लावलं रे?" वकिलाने विचारलं.

"गप ए."

"आणखी एक निवेदन दे. पाणी परत घ्या म्हणावं."

मित्र पँट दुमडून पाण्यात उतरला. गुडघाभर गाळातून परत आला तेव्हा एक चप्पल मुख्य भूमीच्या दिशेने पुढे गेलेली होती. शेवटी त्याने बायकोला खरं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"लोकेशन पाठवा," ती म्हणाली.

"अगं, चारी बाजूंनी पाणी आहे!"

"पाठवा तर."

त्याने अखेरचा निरोप धाडावा तसं लोकेशन धाडलं आणि पाण्याकडे बघत बसला. आम्हीही गंभीर झालो. उरलेला चिवडा मात्र संपवला.

बऱ्याच वेळाने बाभळींच्या मागून हॉर्न वाजला. त्याची गाडी होती. बायको चालवत होती आणि मागच्या सीटवर मुलगी इस्त्रीचा शर्ट सांभाळत बसली होती.

"आधी पाय धुऊन या," बायको म्हणाली. "चारी बाजूंनी पाणी आहे ना?"

पाहुण्यांच्या आधी तो घरी पोचला. आम्ही तिघे मागून एसटीने आलो. थांबा बेटाला लागूनच होता.